मुले किती शिकली, हे कुणी सांगायचे?

2019 च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि महाराष्ट्रात घरोघर धसका बसला. आदल्या वर्षी 89.41 टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. त्या वर्षी 77.10. एका वर्षात बारा टक्क्यांची घसरण. मुले एकाएकी मठ्ठ झाली नव्हती की शिक्षकांनी शिकवणे सोडले नव्हते. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकांची जागा कृतिपत्रिकांनी घेतली होती, आणि मुख्य म्हणजे भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण मंडळाने काढून घेतले होते. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई आणि आयसीएसईची मुले पुढे जाणार म्हणून पालक खवळले. सरकारने वीस गुण परत दिले. पुढच्या वर्षी, भूगोलाचा पेपर टाळेबंदीत बुडाला असतानाही, निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही. शाळांच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, तो 99.95 टक्के.

77, 95 आणि 99.95. यातला कोणता आकडा महाराष्ट्रातली पंधरा-सोळा वर्षांची मुले खरोखर किती शिकली हे सांगतो? एकही नाही. यात मंडळाचा दोष काढण्यासारखे काही नाही. मंडळाचे काम प्रमाणपत्र देण्याचे, पुढच्या प्रवेशासाठी मुलांची वर्गवारी करण्याचे. अडचण पुढे आहे. राज्य स्वतःच शाळा चालवते, स्वतःच प्रश्न काढते, स्वतःच गुण देते आणि निकालाच्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन स्वतःचीच पाठ थोपटून घेते. त्या आकड्याशेजारी ठेवायला राज्याच्या हाताबाहेरचे दुसरे माप नसेल, तर तो आकडा खरा की फुगवलेला हे कुणालाच कळत नाही, शिक्षणमंत्र्यांनाही नाही. वाण्याच्या दुकानात तराजू वाण्याचाच असतो, पण त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. तो शिक्का वाण्यावर संशय म्हणून नसतो, गिऱ्हाइकाला भरवसा म्हणून असतो.

माझे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. हे दुसरे माप ज्या दिवशी कुणाच्या क्रमवारीशी, बक्षिसाशी किंवा बदलीशी जोडले जाते, त्या दिवसापासून तेही निकामी होऊ लागते. आपल्या देशात असे माप आहे, आणि ते आपण आपल्याच हाताने बिघडवत आहोत.

या बाबतीत सर्वांत लांबचा अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय. संविधानात शिक्षणाचा उल्लेखही नाही. 1867 मध्ये केंद्राचे शिक्षण खाते स्थापन झाले, ते देशातल्या शिक्षणाची स्थिती आणि प्रगती कळवण्यासाठी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस केपेल शिक्षण आयुक्त झाले आणि त्यांच्या लक्षात आले की जवळजवळ शंभर वर्षे खात्याने शाळा मोजल्या, शिक्षक मोजले, इमारती आणि खर्च मोजले. मुले काय शिकली हे मात्र एकदाही मोजले नाही. त्यांनी राल्फ टायलर या शिक्षणतज्ज्ञाला आराखडा करायला सांगितले. कार्नेगी प्रतिष्ठानने पैसा दिला.

बातमी फुटताच राज्यांचे शिक्षणाधिकारी बिथरले. वॉशिंग्टनवाले आपली तुलना करणार, मग आपल्याला हुकूम सोडणार, ही भीती. शाळा-प्रशासकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सदस्यांना सहकार्य करू नका असे सांगितले. मग तडजोड झाली. निकाल राज्यवार द्यायचे नाहीत, जिल्हावार नाहीत, शाळावार नाहीत. 9, 13 आणि 17 वर्षांच्या मुलांचे देशाचे आणि चार मोठ्या विभागांचेच चित्र द्यायचे. मुले नमुन्याने निवडायची आणि एका मुलाला सगळी प्रश्नपत्रिका द्यायचीच नाही, थोडेसे प्रश्न द्यायचे. दुसऱ्याला दुसरे, तिसऱ्याला तिसरे. सगळ्यांची उत्तरे एकत्र केली की पूर्ण विषयाचे चित्र मिळते, पण कुठल्याही एका मुलाला गुण मिळत नाहीत. 1969 मध्ये ही चाचणी सुरू झाली. तिच्या लांबलचक नावाचे लघुरूप नेप.

त्या काळी ही तडजोड म्हणजे राज्यांपुढे घातलेले लोटांगण वाटले असेल. पण त्यातच नेपची सगळी ताकद होती. ज्या चाचणीच्या निकालाने ना कुणाची नोकरी जाते, ना कुणाला बक्षीस मिळते, तिची तयारी कुणी करून घेत नाही. गाइड निघत नाहीत, सराव पेपर निघत नाहीत. मुले जशी आहेत तशी समोर येतात.

राज्यांच्या स्वतःच्या चाचण्यांचे काय होत होते, हे उघड केले वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डॉक्टराने. जॉन जेकब कॅनेल याने वाचले की आपल्या राज्यातली मुले राष्ट्रीय सरासरीच्या वर आहेत. वेस्ट व्हर्जिनिया हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. त्याला हे पटेना. त्याने पत्रे लिहून सगळ्या राज्यांचे निकाल मागवले आणि 1987 मध्ये छापले: पन्नासच्या पन्नास राज्ये सरासरीच्या वर असल्याचे सांगत होती. गणिताने हे अशक्य. कारण साधे होते. चाचणी बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘राष्ट्रीय सरासरी’ काही वर्षांपूर्वी काढून ठेवली होती, तीच प्रश्नपुस्तिका वर्षानुवर्षे वापरली जात होती, आणि तिच्यात काय येते हे शिक्षकांना तोंडपाठ झाले होते. खोटेपणा करायची कुणाला गरजच पडली नाही. तेच तेच शिकवत राहिले की आकडा आपोआप वर जातो.

त्यानंतर सूर बदलला. 1988 मध्ये कायदा झाला आणि 1990 पासून नेपचे निकाल राज्यवारही मिळू लागले, आधी ऐच्छिक आणि प्रायोगिक स्वरूपात. आता दोन आकडे शेजारी ठेवता येऊ लागले: राज्य स्वतःबद्दल काय सांगते, आणि नेप त्याच राज्याबद्दल काय सांगते.

केंटकी राज्याने 1990 च्या दशकात नवी चाचणी आणली. चांगले गुण मिळवणाऱ्या शाळांच्या शिक्षकांना रोख बक्षिसे ठेवली. 1992 ते 1994 या दोनच वर्षांत चौथीच्या वाचनात राज्याच्या चाचणीने प्रचंड झेप दाखवली. त्याच काळात त्याच इयत्तेची नेपची रेषा जागची हलली नव्हती. डॅनियल कोरेट्झ आणि शीला बॅरन या अभ्यासकांनी हे दोन आलेख शेजारी मांडले तेव्हा वाद घालायला जागाच उरली नाही. मुले वाचायला शिकली असती, तर दुसऱ्या कुणी वाचायला दिल्यावरही ती वाचू शकली असती.

मग 2002 च्या जानेवारीत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि 2014 पर्यंत देशातले प्रत्येक मूल ‘प्रवीण’. न झाल्यास शाळांवर कारवाई. पण ‘प्रवीण’ म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार कायद्याने राज्यांकडेच ठेवला. लक्ष्य दिल्लीने ठरवावे आणि उत्तीर्णतेची रेषा गल्लीने, असा तो प्रकार. व्हायचे तेच झाले. 2005 मध्ये मिसिसिपी राज्याच्या परीक्षेत चौथीची 89 टक्के मुले वाचनात प्रवीण ठरली; नेपमध्ये 18 टक्के. मॅसॅच्युसेट्सने आपली रेषा वर ठेवली होती: तिथे राज्याच्या परीक्षेत जेमतेम निम्मी मुले प्रवीण आणि नेपमध्ये 44 टक्के. कागदावर पाहिले तर मिसिसिपीची मुले मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी पुढे. प्रत्यक्षात उलटे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वर्तमानपत्रे ती नेहमी विसरतात. नेपची ‘प्रवीण’ ही पायरी मुद्दामच उंच ठेवलेली आहे. इयत्तेपुरते येणे आणि नेपच्या अर्थाने प्रवीण असणे या दोन वेगळ्या गोष्टी. राज्यांची उत्तीर्णतेची रेषा बहुधा नेपच्या ‘प्राथमिक’ पायरीच्या आसपास पडते. त्यामुळे 89 आणि 18 मधले सगळे अंतर लबाडीचे नाही, बरेचसे व्याख्येचे आहे. आकड्यांच्या उंचीत फरक असणे हा गुन्हा नव्हे. पाहायचे असते ते दिशेकडे. राज्याचा आकडा वर चढतो आहे आणि बाहेरचा आकडा जागेवरच आहे, असे काही वर्षे दिसले, तर समजावे की वाढ मुलांच्या डोक्यात झालेली नाही, परीक्षेत झालेली आहे.

न्यूयॉर्कने हे स्वतःच कबूल केले. 2009 मध्ये तिथली 86 टक्के मुले गणितात आणि 77 टक्के इंग्रजीत प्रवीण होती. नेपशी पडताळणी झाल्यावर राज्याने 2010 मध्ये रेषा वर नेली आणि एका वर्षात आकडे 61 आणि 53 वर आले. आमच्या 2019 च्या दहावीसारखाच धक्का. फरक इतकाच की तिथे आकडा का पडला हे पालकांना आधी सांगितले गेले होते, आणि आमच्याकडे पुढच्याच वर्षी जुने गुण परत देऊन विषय मिटवला.

कुणी म्हणेल, मग राज्याच्या परीक्षा आणि त्यांच्यामागचा धाक हे सगळे वाईटच का? तसे मला वाटत नाही, आणि इथे विरोधी बाजूचे म्हणणे वजनदार आहे. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने प्रथमच प्रत्येक शाळेला कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग आणि गरीब मुलांचे निकाल वेगळे छापायला लावले. चांगल्या सरासरीच्या आड ही मुले वर्षानुवर्षे लपवली जात होती. थॉमस डी आणि ब्रायन जेकब यांनी 2011 मध्ये दाखवले की या कायद्यामुळे चौथीच्या गणितात खरी सुधारणा झाली. वाचनात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. धाकाने काही साधले, काही साधले नाही. पण हा निष्कर्ष त्यांनी काढला कशाच्या आधारे? नेपच्या. राज्यांच्या आकड्यांवर विसंबले असते तर सगळीकडेच सुधारणा दिसली असती आणि गणित कुठे सुधारले, वाचन कुठे अडले, हे कधीच कळले नसते. दबाव हवा असेल तर हवा. पण दबावाचा परिणाम मोजणारा काटा दबावाबाहेर ठेवावा लागतो.

मिसिसिपीची पुढची कथा तर मला फार महत्त्वाची वाटते. नेपमुळे ज्या राज्याची देशभर शोभा झाली, त्याने नंतर आपले मापदंड कडक केले. 2013 मध्ये साक्षरतेचा कायदा केला: वाचता न येणाऱ्या मुलाला तिसरीतून पुढे ढकलायचे नाही, पण त्याआधी शिक्षकांना वाचन शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यायचे, शाळाशाळांत मार्गदर्शक पाठवायचे, मुलाची चाचणी लवकर घ्यायची. 2019 मध्ये चौथीच्या वाचनात मिसिसिपी नेपच्या राष्ट्रीय सरासरीला पोचले आणि 2024 मध्ये तिच्याही वर गेले. टीकाकार म्हणतात, कच्ची मुले तिसरीत थांबवली की चौथीची सरासरी वर जाणारच. त्यात थोडे तथ्य असेल, पण इतक्या मोठ्या वाढीचा सगळा हिशेब त्याने लागत नाही. माझा मुद्दा वेगळा. हा दावा मिसिसिपीने स्वतःच्या परीक्षेच्या जोरावर केला असता, तर 2005 चे 89 टक्के आठवून लोक हसले असते. ज्या काट्याने एकदा त्यांना उघडे पाडले, त्याच काट्याने नंतर त्यांच्या बाजूने साक्ष दिली. गरीब राज्याला, गरीब जिल्ह्याला खऱ्या मापाची गरज श्रीमंतापेक्षा जास्त असते, कारण त्याच्या यशावर कुणी सहज विश्वास ठेवत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडेही दोन आकडे आहेत, किंबहुना तीन. एक राज्यांच्या चाचण्यांचा. दुसरा केंद्राच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा, ज्याला शाळांतून नॅस म्हणतात आणि जे 2024 मध्ये ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने झाले. तिसरा सरकारबाहेरचा: ‘प्रथम’ संस्थेचा असर अहवाल, 2005 पासून.

असरची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. जिल्ह्यातली तीस गावे, गावातली वीस घरे. स्वयंसेवक शाळेत जात नाही, घरी जातो. ओट्यावर किंवा अंगणात मुलाजवळ बसतो आणि एक कागद पुढे करतो. त्यावर चार छोट्या वाक्यांचा परिच्छेद असतो. तो वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतो. परिच्छेद अडला तर सुटे शब्द, शब्द अडले तर अक्षरे. मग हातच्याची वजाबाकी, त्यापुढे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. घड्याळ लावलेले नसते, गुण नसतात, वर्गशिक्षक शेजारी उभे नसतात. मुलाला जे येते ते येते. या पद्धतीने 2018 मध्ये ग्रामीण भारतातली पाचवीची 50.5 टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. कोविडनंतर 2022 मध्ये 42.8 टक्के. या मापालाही मर्यादा आहेत. ते ग्रामीण भागापुरतेच आहे, कौशल्ये मोजकीच तपासते, आणि एका राज्यातला वर्षावर्षाचा चढउतार नमुन्याच्या खेळाने बराच हलतो. तरी त्यात कुणाला काही फायदा-तोटा नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण.

नॅस त्याहून कितीतरी मोठे. 2021 मध्ये सुमारे 34 लाख मुले, 1 लाख 18 हजार शाळा, 720 जिल्हे. 4 डिसेंबर 2024 ला झालेल्या परख सर्वेक्षणात 781 जिल्ह्यांतल्या 74 हजारांहून अधिक शाळांतली 21 लाखांवर मुले. आकार पाहून छाती दडपते. पण डग जॉन्सन आणि आन्द्रेस पराडो यांनी 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासात नॅसचे 2017 चे आकडे असरशी आणि भारत मानवी विकास सर्वेक्षणाशी ताडून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. नॅसची सरासरी दोन्हींपेक्षा बरीच चढी होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, नॅसने लावलेला राज्यांचा क्रम इतर सर्वेक्षणांच्या क्रमाशी जवळजवळ कुठेच जुळत नव्हता. सगळे आकडे सारख्याच प्रमाणात चढे असते तर निदान तुलना उरली असती. तीही उरली नाही.

असे का झाले? 2017 पासून नॅसने प्रत्येक जिल्ह्याचे प्रगतिपत्रक द्यायला सुरुवात केली. जिल्ह्याचे प्रगतिपत्रक आले की जिल्हाधिकाऱ्यांची बैठक आली, शिक्षणाधिकाऱ्यांवर ताण आला, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून केंद्रप्रमुखांकडे आणि तिथून मुख्याध्यापकांकडे उतरला. त्यात भर म्हणजे केंद्राचा कामगिरी श्रेणी निर्देशांक, पीजीआय. हजार गुणांचा हा निर्देशांक राज्यांना श्रेणी देतो, आणि त्यात अध्ययन निष्पत्तीचे गुण नॅसवरून येतात. म्हणजे ज्या सर्वेक्षणाने राज्यांची खरी परिस्थिती सांगायची, त्याच्याच आकड्यांवर राज्यांना शाबासकी.

पीजीआयचा एक अनुभव महाराष्ट्राला जवळचा आहे. 2020-21 च्या निर्देशांकात महाराष्ट्र, केरळ आणि पंजाब 928 गुणांनी एकत्र सर्वांत वर होते आणि आपल्याकडे त्याचे कौतुकसोहळे झाले. त्या हजारांपैकी शिकण्याला होते 180 गुण, आणि तेही 2017 च्या जुन्याच सर्वेक्षणावरून दरवर्षी मोजले जात होते. प्रशासकीय कारभाराला होते 360. पोर्टलवर माहिती वेळेत भरली की गुण वाढत होते. 2021-22 साठी कोष्टक बदलले, नवे सर्वेक्षण आले, आणि दहा श्रेण्यांपैकी पहिल्या पाचांत देशातले एकही राज्य बसले नाही. मुले तीच, शाळा त्याच.

2021 च्या नॅसच्या आधी पंजाबने राज्यभर तयारीची मोहीम चालवली आणि सर्वेक्षणात पंजाब अव्वल आले. त्यावरून राजकीय भांडणे झाली. पंजाबच्या शिक्षकांनी खोटे केले असे मी म्हणत नाही. त्या तयारीत मुले काही खरेही शिकली असतील. पण किती खरे आणि किती केवळ सरावाचे, हे सांगायला आता त्या सर्वेक्षणाचा उपयोग राहिलेला नाही. परखच्या आधीही ठिकठिकाणी सराव चाचण्या झाल्या, गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकांची सवय करून दिली गेली. तरीही तिसरीतल्या 55 टक्केच मुलांना 99 पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, आणि सहावीतल्या 53 टक्केच मुलांना दहापर्यंतचे पाढे येत होते. तयारीनंतर चित्र हे. तयारीविना काय असते, या विचाराने मला झोप लागत नाही.

‘बक्षीस नसेल, शिक्षा नसेल, तर आकडे खरे मिळतील’ असे मात्र कुणी समजू नये. मध्य प्रदेशात दरवर्षी सुमारे 70 लाख मुलांची चाचणी राज्य घेत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी काही शाळांत स्वतंत्र फेरचाचणी घेतली. राज्याच्या निकालावर कुणाची नोकरी अवलंबून नव्हती. तरीही अधिकृत आकडे फार फुगलेले निघाले. मागे पडलेल्या मुलांचे प्रमाण कागदावर फारच कमी दिसत होते. आपल्या वर्गातल्या मुलाला काहीच येत नाही, असे वरच्या कार्यालयाला लेखी कळवणे कुठल्या शिक्षकाला आवडेल? आंध्र प्रदेशात टॅबलेटवर, बाहेरच्या देखरेखीखाली चाचणी घेतली तेव्हा हा फुगवटा बराच उतरला. म्हणजे धाक काढणे पुरेसे नाही. गुण भरणारा हातही वेगळा लागतो.

हा धडा महाराष्ट्राने आपल्याला लावून पाहावा. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, या त्यामागच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. अनेक जिल्हा परिषद शाळांत त्या काळात खरोखर नवे वारे शिरले. पायाभूत चाचणी आणि संकलित चाचण्या आल्या, शाळा ‘प्रगत’ घोषित होऊ लागल्या, आणि मग तालुका शंभर टक्के प्रगत करण्याची घाई सुटली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पात तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली. प्रश्नपत्रिका पुण्याहून येते, घेतात वर्गशिक्षक, तपासतात वर्गशिक्षक, आणि गुण मोबाइलवरून ऑनलाइन भरतात तेही वर्गशिक्षकच. शिक्षकाच्या खांद्यावर आधीच मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ढीगभर ॲप, त्यात हे. या चाचणीचा खरा उपयोग एकच: आपल्या चाळीस मुलांपैकी कुणाला भागाकार येत नाही हे शिक्षकाला कळणे आणि पुढच्या आठवड्यात त्याने तो पुन्हा शिकवणे. पण गुण भरून वर गेले की चाचणी शिक्षकाची राहत नाही, कार्यालयाची होते. आणि कार्यालयाला वाईट आकडे आवडत नाहीत हे शाळेतल्या शिपायालाही माहीत असते.

या गोंधळावर ‘एक देश, एक परीक्षा’ हा उपाय काहींना सुचतो. मंडळांमध्ये समानता आणण्याचे काम परख या केंद्राच्या मूल्यांकन संस्थेकडे आहेच. मग सगळ्या देशाची एकच परीक्षा का नको? मला हा उपाय रोगापेक्षा घातक वाटतो. 1976 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले तरी शाळा आजही राज्येच चालवतात, आणि गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिलीत काय यावे हे दिल्लीत ठरवता येणार नाही. दुसरे म्हणजे, एकच परीक्षा उरली की तिच्याशेजारी ठेवायला काहीच उरत नाही. आज राज्याचा आकडा खोटा पडला तर पकडणारे कुणीतरी आहे. उद्या केंद्राचाच आकडा फुगला तर?

म्हणून मला दोन्ही परीक्षा हव्या आहेत, पण वेगवेगळ्या कामांसाठी. राज्याची चाचणी शिक्षकाच्या हातात, मुलासाठी. तिच्या गुणांवरून शाळा, केंद्र किंवा तालुका यांची तुलना नको. राष्ट्रीय सर्वेक्षण लहान नमुन्याचे, राज्याच्या चित्रापुरते. जिल्ह्यांची प्रगतिपत्रके बंद आणि पीजीआयशी नाते तोडलेले. ते घेणारी संस्था शिक्षण मंत्रालयाच्या अंगठ्याखाली नको. महालेखापरीक्षकासारखे तिचे अहवाल थेट संसदेपुढे यावेत. आणि एकदा धरलेली पद्धत वीस-तीस वर्षे धरून ठेवायला हवी. नॅस तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचे होते. परखने तिसरी, सहावी आणि नववी घेतली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या टप्प्यांशी ते जुळते हे खरे, पण पाचवीची मुले 2017 नंतर सुधारली की घसरली, हे आता कशावरून सांगणार? नेपकडे 1970 च्या दशकापासूनची अखंड मालिका आहे. तीही सुरक्षित नाही: मार्च 2025 मध्ये अमेरिकी शिक्षण खात्यातल्या नोकरकपातीत नेप सांभाळणाऱ्या सांख्यिकी केंद्राचे जवळजवळ सगळे कर्मचारी घरी गेले. नावडते आकडे सांगणाऱ्या संस्थेला पाठीराखे कमीच असतात, कुठल्याही देशात.

केंद्र हे कधी करील ते करो. महाराष्ट्राला एक काम आजही करता येईल. नियतकालिक चाचणी झाली की पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक जिल्ह्यातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या मोजक्या शाळांत तशाच प्रश्नांची फेरचाचणी घ्यावी. घेणारे त्या तालुक्याचे नसावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे (डाएट) अधिव्याख्याते आणि अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी हे काम करू शकतात. शाळेचे नाव कुठेही छापू नये, शिक्षकाला नोटीस देऊ नये. छापावा तो एकच आकडा: जिल्ह्यातल्या शाळांनी भरलेले गुण आणि फेरचाचणीचे गुण यांतला फरक. पहिली दोन-तीन वर्षे तो आकडा लाज आणणारा असेल, आणि तरीही विधिमंडळात तो मंत्र्यांनी स्वतः वाचून दाखवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही, आणि माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून पगारावर आहेत.